दगड कोणी मारला?

गुरुग्रामच्या सत्र न्यायालयाने १० मार्च २०१७ रोजी एक निकाल दिला. मारुती सुझुकीच्या मानेसर कारखान्यात झालेल्या हिंसाचाराचा खटला. त्यात सरकार पक्षाने चार साक्षीदार उभे केले होते, चौघेही लेबर काँट्रॅक्टर. दंगा करताना कोणाकोणाला पाहिलं ते त्यांनी सांगितलं. पहिल्याने सांगितलेल्या कामगारांची नावं इंग्रजी 'ए'पासून 'जी'पर्यंतची. दुसऱ्याची 'जी'पासून 'पी'पर्यंत. तिसऱ्याची 'पी' ते 'एस' आणि चौथ्याची 'एस'पासून पुढची. अशी मिळून जवळपास नव्वद नावं. संध्याकाळची वेळ, धूर, पळापळ, हातात काय सापडेल ते घेऊन धावणारी माणसं, आणि या चौघांना ती दिसली हजेरीपटाच्या क्रमाने! कोर्टाने ही साक्ष मानली नाही. १४८ आरोपींपैकी ११७ जण निर्दोष सुटले.

मी मानेसरला कधी गेलेलो नाही. मी फिटर. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी झाली, युनियनच्या बॉडीत, म्हणजे कार्यकारिणीत, काही वर्षं होतो, आणि आता अंबड-सातपूर भागात कामगारांच्या एन्क्वायरीत डिफेन्सला बसतो. म्हणजे कंपनीने कोणाला चार्जशीट दिली की त्याच्या बाजूने चौकशी अधिकाऱ्यासमोर बसायचं, साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची, रोजनाम्याच्या, म्हणजे चौकशीतल्या नोंदींच्या, प्रत्येक पानाखाली सही करायच्या आधी ते पान वाचायचं. या कामात मानेसरचा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यात सांगितलेली गोष्ट हरियाणातली असली तरी ती जशी घडली ती पद्धत मला ओळखीची आहे.

आधी तिथलं थोडं सांगतो, कारण नव्या पोरांना ते माहीत नसतं. २०११च्या जूनमध्ये मानेसरच्या कामगारांनी स्वतःची वेगळी युनियन हवी म्हणून संप केला. ऑगस्टअखेर कंपनीने गेटवर 'चांगल्या वर्तणुकीचा' बाँड ठेवला: सही करा, मगच आत या. ऑक्टोबरमध्ये पुन्हा संप झाला. समझोता झाला, पण पहिल्या फळीचे पुढारी हिशेबाचे पैसे घेऊन नोकरी सोडून गेले. पोरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि २०१२च्या वसंतात युनियन रीतसर नोंदवली. जेवायला अर्धा तास, चहाला सात मिनिटं, आणि त्या सात मिनिटांत लाईन सोडून चहा घ्यायचा, लघवीला जायचं, परत जागेवर यायचं. ज्याने असेंब्ली लाईनवर काम केलंय त्याला हे वेगळं समजावायला नको. त्यांच्या डिमांडमध्ये, म्हणजे मागण्यांच्या यादीत, कंत्राटी कामगारांचा पगारही होता. परमनंट कामगार कंत्राट्यांसाठी बोलतोय, हे आमच्याकडेही फार वेळा पाहायला मिळत नाही.

१८ जुलै २०१२ रोजी सकाळी एका कामगाराची सुपरवायझरशी बाचाबाची झाली. जातीवरून शिवी दिली असं कामगाराचं म्हणणं, मारहाण केली असं कंपनीचं. कामगार सस्पेंड झाला. दिवसभर बोलणी चालली, दोन पाळ्यांची माणसं आत अडकून राहिली, आणि संध्याकाळी ताबा सुटला. मारामारी झाली, आग लागली. कंपनीचे एचआरचे जनरल मॅनेजर अवनीश कुमार देव त्यात गेले. धुराने गुदमरून गेले. पायांना मार लागलेला, उठून बाहेर पडता आलं नाही. युनियन नोंदवायच्या कामी याच माणसाने मदत केली होती, असं त्या कामगारांनीच नंतर सांगितलं. मला ही गोष्ट कळली त्या रात्री झोप लागली नाही. जो माणूस तुमचं ऐकून घेत होता तोच जळत्या इमारतीत सापडला. त्यांच्या घरच्यांचा विचार न करता या खटल्याबद्दल बोलणं मला जमत नाही, आणि कोणी बोलू नये असं मला वाटतं.

अंबडला ही बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीलाच पोचली होती. त्या दिवसांत शॉपफ्लोअरवर दोन प्रकारची कुजबुज होती. काही पोरं छाती पुढे काढून बोलत होती, 'बघा, असं असतं.' त्यांना जुन्या माणसांनी तिथल्या तिथे गप्प केलं. दुसरीकडे ऑफिसमधले, जे कालपर्यंत कँटीनमध्ये आमच्याच टेबलावर बसत, ते वेगळे बसू लागले. पुढच्या काही महिन्यांत गेटवर काळे टी-शर्ट घातलेले बाऊन्सर दिसू लागले, डिमांडच्या मीटिंगला जाताना मोबाईल बाहेर ठेवायला सांगू लागले. आगीत एक माणूस गेला आणि भीती मात्र देशातल्या प्रत्येक इंडस्ट्रियल एरियात पोचली, दोन्ही बाजूंना.

मानेसरला पुढे काय झालं? कारखाना महिनाभर बंद राहिला. ५४६ कायम कामगारांना चौकशी न करताच काढलं, त्यात खटल्यात नाव नसलेलेही शेकडो होते. कंत्राट्यांचा तर हिशेबच नाही, त्यांना काढावं लागत नाही, गेट बंद केलं की झालं. अटकेतल्यांचा जामीन पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने मे २०१३मध्ये नाकारला. नाकारताना कोर्टाने काय म्हटलं? अशा घटनेने जगात देशाची प्रतिष्ठा खालावली आणि कामगार अशांततेच्या भीतीने परदेशी गुंतवणूकदार इथे पैसे घालणार नाहीत. माणूस तुरुंगात राहावा की बाहेर, हे ठरवताना त्याने काय केलं हे पाहायचं असतं, तो पळून जाईल का, साक्षीदाराला दमदाटी करील का, हे पाहायचं असतं. गुंतवणूकदाराला काय वाटेल याचा त्यात काय संबंध? बहुतेकांना जामीन मिळायला २०१५ साल उजाडलं.

निकालात ३१ जण दोषी ठरले. १८ मार्च २०१७ला शिक्षा झाली: तेराजणांना खुनासाठी जन्मठेप, चौघांना पाच वर्षं, बाकीच्या चौदांची भोगलेली कैद पुरेशी मानली. जन्मठेपेच्या तेरापैकी बारा जण युनियनच्या बॉडीतले आणि तेरावा, ज्याच्यावरून त्या दिवशी सगळं सुरू झालं तो कामगार. त्या तेरातले दोघे २०२१मध्ये वारले. काढून टाकलेल्यांपैकी कितीतरी जण अजून लढताहेत, २०२४च्या सप्टेंबरात ते पुन्हा मानेसरला धरण्याला बसले होते.

कोइमतूरचंही असंच. २००९मध्ये तिथल्या प्रिकॉल कंपनीत एचआरच्या एका मोठ्या अधिकाऱ्याचा मारहाणीत मृत्यू झाला. २०१५मध्ये आठ कामगारांना जन्मठेप. २०१७मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यातल्या सहाजणांना सोडलं.

हे का होतं, याची मुळं कायद्यातच आहेत. जुन्या दंड विधानातलं कलम १४९, आता भारतीय न्याय संहितेत १९०. पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदेशीर जमाव असला आणि त्यांचं उद्दिष्ट एक असलं, तर एकाने केलेला गुन्हा सगळ्यांच्या माथी. गावातल्या टोळीयुद्धात, दंगलीत या कलमाचा उपयोग आहे, ते मी नाकारत नाही. पण कारखान्याच्या गेटवर जमलेली माणसं त्या जागी पगारासाठी आलेली असतात. पाळी सुटली म्हणून बाहेर पडणारा, पाळीला येणारा, काय झालं ते बघायला थांबलेला, सगळे एकाच खाकी कपड्यात. त्यात उद्दिष्ट कोणाचं काय, हे कसं ठरवणार? सर्वोच्च न्यायालयाला ही अडचण माहीत होती. उत्तर प्रदेशातल्या मसालती खटल्यात १९६४मध्येच त्याने सांगून ठेवलंय की मोठ्या जमावाच्या खटल्यात दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी एखाद्याबद्दल एकसारखं आणि नेमकं सांगितलं तरच त्याला दोषी धरणं बरं. म्हणजे कायद्याला बारकाई हवी आहे. ती बारकाई पोलीस ठाण्यात आणि कंपनीच्या पर्सोनेल ऑफिसात कोणाला नको असते.

आता अंबडचं सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, त्यातली बरीच पोरं अजून कामाच्या शोधात आहेत आणि त्यांना त्याचा त्रास होईल.

डिमांड वर्षाच्या वर लटकलेली. मध्येच बऱ्याच कंत्राटी पोरांना एका शनिवारी काँट्रॅक्टरने ब्रेक दिला, म्हणजे कामावरून कमी केलं. सोमवारी ती पोरं गेटवर आली, त्यांना आत घेईनात. पहिली पाळी सुटायच्या वेळेला गेट मीटिंग झाली. बॉडीतले दोघे लेबर ऑफिसला गेलेले, तिथे तारीख होती. राहिलेल्यांचा आवाज मागपर्यंत पोचत नव्हता. कोणीतरी दगड मारला. मग आणखी पडले. ऑफिसच्या काचा फुटल्या आणि गाडीजवळ उभ्या असलेल्या एका सुपरवायझरच्या भुवईला दगड लागून रक्त आलं. सगळं मिळून दहा मिनिटांचा प्रकार. माझं स्पष्ट मत आहे की बॉडी गेटवर हजर असते तोवर दगड सहसा उचलला जात नाही, आणि कोणी उचललाच तर शेजारचा तो खाली ठेवायला लावतो. २०१८च्या मार्चमध्ये याच नाशिकमधून हजारो शेतकरी मुंबईला चालत गेले, १८० किलोमीटर, पाय फुटले तरी. मुंबईत शिरल्यावर दहावीच्या पोरांची परीक्षा बिघडू नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालले. कुठे काच फुटली नाही. एवढ्या माणसांना हे जमलं कारण प्रत्येक जथ्याला सांगणारा माणूस होता आणि त्याचं ऐकलं जात होतं. कारखान्यात त्या सांगणाऱ्या माणसालाच पहिल्यांदा गाठतात.

दोन दिवसांनी चार्जशीटी आल्या. मी त्या समोर ठेवून वाचल्या. मजकूर सगळ्यांचा एकच: 'आपण इतर कामगारांसमवेत बेकायदेशीर जमाव करून, चिथावणीखोर घोषणा देऊन, कंपनीच्या मालमत्तेचे नुकसान केले.' एका ठिकाणी 'मालमत्तेचे'मधला एक 'त' टाईप करताना राहून गेला होता. सगळ्या चार्जशीटींत तो 'त' राहिला होता. फक्त नाव आणि टोकन नंबर वेगळा. बॉडीचे सगळे त्यात होते, लेबर ऑफिसला गेलेले दोघेसुद्धा. एफआयआरमध्येही तीच नावं आणि पुढे 'व इतर चाळीस ते पन्नास अनोळखी इसम'. ते अनोळखी इसम पुढे महिनाभर ओळखीचे होत राहिले. रात्री सिडकोतल्या खोल्यांवर पोलीस यायचे, एका खोलीत सहा पोरं राहणारी, धुळे-जळगावकडची, जो सापडेल तो न्यायचे.

एन्क्वायरीत कंपनीचा मुख्य साक्षीदार होता गेटवरचा सिक्युरिटी गार्ड. उलटतपासणी मी घेतली.

"तुम्ही कुठे उभे होता?"

"केबिनजवळ. गेटच्या आत."

"गेट उघडं होतं का?"

"बंद. साहेबांनी लावून घ्यायला सांगितलं होतं."

"गेटला पत्रा किती उंच आहे?"

त्याने हात डोक्याच्या वर वीतभर धरला.

"मग बाहेर दगड कोणी मारला ते तुम्हाला कसं दिसलं?"

त्याने चौकशी अधिकाऱ्याकडे पाहिलं, मग कंपनीच्या प्रतिनिधीकडे, मग टेबलाकडे. "नावं मला ऑफिसातून सांगितली, साहेब."

रोजनाम्यात हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला मला अर्धा तास भांडावं लागलं. चौकशी अधिकारी म्हणत होता, 'साक्षीदाराने माहिती ऑफिसकडून मिळाल्याचे सांगितले' असं लिहू. मी म्हटलं, तो जे बोलला तेच लिहा. लिहिलं. पुढच्या तारखेला तो गार्ड गेटवर नव्हता. तोही कंत्राटीच. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण त्या खोलीत खरं बोललेला तो एकटाच माणूस होता.

तरीही चौकशी अधिकाऱ्याने आरोप सिद्ध झाले असाच अहवाल दिला. बाहेरच्या लोकांना हे कळत नाही, म्हणून सांगतो. फौजदारी कोर्टात संशयाला जागा राहिली तर आरोपी सुटतो. एन्क्वायरीत तेवढं लागत नाही, 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढ्यावर नोकरी जाते. त्यामुळे माणूस फौजदारी कोर्टातून निर्दोष सुटतो आणि तरी घरीच बसलेला असतो. सस्पेन्शनच्या काळात पहिले नव्वद दिवस निम्मा पगार, निर्वाह भत्ता म्हणून. त्यात घरभाडं आणि पोरांची फी. कंत्राट्याला तोही नाही, चार्जशीटही नाही. तो कागदावर कुठे नव्हताच.

आणि कोर्टाच्या तारखा. सीबीएसजवळच्या कोर्टात पोरं सकाळी साडेदहाला येऊन उभी राहतात. कधी साक्षीदार नाही, कधी साहेब रजेवर. पुढची तारीख. प्रत्येक तारखेला एक खाडा, आणि खाडे करणाऱ्याला कोणी कामावर ठेवत नाही. दुसऱ्या कंपनीत लागायचं तर पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागतात. केस चालू आहे तोवर ते मिळत नाही. एका पोराने आयटीआय टर्नर केलेला, हात इतका चांगला की शून्य-शून्य-दोनचा टॉलरन्स डोळ्याने पकडायचा. आज तो गंगापूर रोडला जेवणाचे डबे पोचवतो. खटला संपेल तेव्हा तो निर्दोष सुटेल याची मला खात्री आहे. सुटून काय करायचं? चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई मिळावी म्हणून विधी आयोगाने २०१८मध्ये, २७७व्या अहवालात, कायदा सुचवला होता. तो कायदा झालेला नाही. मानेसरच्या ११७ जणांची तुरुंगातली वर्षं कोणाच्याही खात्यावर पडलेली नाहीत.

या सगळ्यात मी त्या सुपरवायझरला भेटायला गेलो होतो. तोही सिडकोतच राहतो, त्या पोरांच्या खोल्यांपासून हाकेच्या अंतरावर. भुवईवर टाक्यांचा व्रण, थंडीत दुखतो म्हणाला. त्याच्या बायकोने मला दारात पाहिलं तेव्हा आत घ्यायला तयार नव्हती, आणि तिचा राग मला पटत होता. त्यानेच बोलावलं. चहा झाला. मग तो म्हणाला, "अण्णा, दगड मारणारा मला माहीत आहे. मी त्याच्याकडेच बघत होतो. पण मला कोणी विचारलंच नाही. माझ्या नावाचा जबाब टाईप होऊन आला, मी सही केली."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"त्याचं नाव यादीत नव्हतं. साहेब म्हणाले, नवीन नावं नकोत, घोळ होईल."

त्या घरातून निघाल्यापासून मला एवढंच म्हणायचं आहे आणि ते मी जिथे जाईन तिथे म्हणतो. यादी करून माणसं आत टाकली की पहिला अन्याय यादीतल्यांवर होतो हे खरं. पण ज्याला दगड लागला त्याच्यावरही तितकाच होतो. अवनीश कुमार देव यांच्या पत्नीला, मुलाबाळांना, आपल्या माणसाला नेमकं कोणी मारलं, आग कोणाच्या हाताने लागली, याचं उत्तर आद्याक्षराप्रमाणे बोलणारे साक्षीदार कधीच देऊ शकणार नव्हते. खून झाला होता, त्याचा शोध घ्यायला हवा होता, एकेक हात, एकेक काठी, कोण कुठे होतं ते. त्याऐवजी युनियनचा पत्रव्यवहार ज्यांच्या सहीने चालायचा ती नावं हाताशी होती.

म्हणून आता मी गेट मीटिंगला बोलायला गेलो की पोरांना काही गोष्टी सांगतो. हजेरीच्या पंचिंगचा मोबाईलवर आलेला मेसेज पुसू नका. गेटवर काही झालं तर त्याच रात्री वहीत लिहा, तुम्ही किती वाजता कुठे होता, शेजारी कोण होतं. बॉडीतल्या एकाने तरी गेट सोडायचं नाही, मग लेबर ऑफिसची तारीख चुकली तरी चालेल. आणि आपल्यातल्या कोणी दगड उचलला, माणसाला मारलं, तर त्याचं नाव आपणच द्यायचं.

शेवटच्या वाक्याला नेहमी गोंधळ होतो. अलीकडे खुटवडनगरच्या एका मीटिंगला एक पोरगा उभा राहिला, अंबडच्या त्याच केसमधला, ज्याच्या आईने जामिनासाठी गावाकडचा बैल विकलेला.

"अण्णा, म्हणजे आम्ही आमच्याच पोराला पोलिसांच्या हातात द्यायचं?"

"हो," मी म्हटलं.

"आणि त्यांच्याकडचे? बाऊन्सर मारतात, त्यांचं नाव कोणी घेतं का?"

"ते घ्यायलाही मीच तुझ्याबरोबर ठाण्यात येईन. पण आधी आपलं."

तो म्हणाला, त्याला हे मान्य नाही. दगड मारणाऱ्याचा ब्रेक झाला होता, घरी दोन लहान मुलं होती, हे तुम्ही विसरताय. मी म्हटलं, विसरलो नाही, ज्याला लागला त्यालाही मुलं आहेत. मागून कोणीतरी म्हणालं, नाव दिलं तर गल्लीत राहता येणार नाही. दुसऱ्याने विचारलं, नाही दिलं म्हणून तू तरी गल्लीत सुखाने राहतोयस का, रात्री बेल वाजली की कोण दचकतं? त्यावर दोघांची जुंपली. बॉडीचा सेक्रेटरी म्हणाला की हा विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर लेखी घेऊ, आणि तोवर दोन्ही बाजूंनी काय म्हणायचंय ते कागदावर आणा. तो पोरगा म्हणाला, मी आणतो.